जोर, बैठक आणि हौद्यातले फावडे

पायाभूत व्यायाम म्हणजे एकाच वेळी अनेक सांधे आणि मोठे स्नायू कामाला लावणारा, भार थोडाथोडा वाढवू देणारा आणि वर्षानुवर्षे करता येणारा व्यायाम. बैठक काढताना घोटा, गुडघा आणि खुबा हे तीन सांधे एकदम हलतात; मांड्या, कुल्ले, पोटऱ्या आणि पाठ एकमेकांना धरून काम करतात. डंबेल हातात घेऊन कोपर वाकवताना एकच सांधा हलतो. कोपराचा तो व्यायाम वाईट नाही, दंडाला आकार देतो आणि आरशापुढे करायला बराही वाटतो. पण त्यात भार वाढवायला जागा थोडी असते आणि त्यातून मिळालेली ताकद जिना चढायला किंवा पोते उचलायला फारशी उपयोगी पडत नाही. म्हणून तो पुढे कधीतरी वरचा मजला म्हणून यावा, पाया म्हणून नव्हे.

व्यायामांची नावे शेकडो असली तरी शरीराच्या जोरकस हालचाली मोजक्याच आहेत. खाली बसून उठणे, कमरेतून वाकून जमिनीवरचे उचलणे, ढकलणे, ओढणे आणि भार घेऊन चालणे या पाचांत जवळजवळ सगळे येते. ढकलणे आणि ओढणे हे प्रत्येकी समोर आणि डोक्यावर असे दोन दिशांनी होते. निवड करायची ती नावांची नसून या हालचालींची. प्रत्येक हालचालीला एक व्यायाम मिळाला की यादी पुरी झाली. एका हालचालीला चार आणि दुसरीला एकही नाही, अशी स्थिती असेल तर वहीत व्यायाम भरपूर दिसतात आणि शरीर मात्र एका अंगाने वाढते.

हा हिशेब तपासून पाहायला कोल्हापूरच्या तालमींसारखी जागा नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कुस्तीला राजाश्रय मिळाला, 1912 मध्ये खासबाग मैदान उभे राहिले आणि गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, काळा इमाम अशा तालमींतून पिढ्यान्‌पिढ्या मल्ल घडले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत मेहनत करीत होते. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले आणि 1952 मध्ये हेलसिंकीला त्यांनी फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या तालमींत लोखंडी रॉड आणि प्लेटा फार उशिरा आल्या. त्याआधीची ताकद कमावली गेली ती जोर, बैठका आणि मातीवर.

तालमीतल्या व्यायामाविषयी कोणालाही विचारले तर आकडे ऐकायला मिळतात ते जोरांचे आणि बैठकांचे. पाचशे जोर, हजार बैठका. या दोन्ही हालचाली पायाभूतच आहेत. बैठक म्हणजे बसून उठणे, जोर म्हणजे ढकलणे. मग ओढणे आणि वाकून उचलणे कुठे गेले? ते हौद्यात होते. कुस्तीचा हौदा रोज खणावा लागतो. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मुरवलेली लाल माती लढतींनी आणि पायांनी दबून घट्ट होते. ती फावड्याने उकरायची, एका कडेची दुसऱ्या कडेला ओढायची, ढेकळे फोडायची, पुन्हा सारखी करायची. पठ्ठा पाय फाकवून उभा राहतो, कमरेतून वाकतो, फावडे पुढे मारतो आणि माती स्वतःकडे खेचतो. कुल्ले मागे जातात, पाठ ताणलेली राहते, बरगडीच्या बाजूचे आणि खांद्यामागचे स्नायू प्रत्येक ओढीला आवळतात. हाताची पकड दांड्यावर घट्ट बसते. जिममध्ये ज्याला डेडलिफ्ट आणि रोइंग म्हणतात त्या दोन व्यायामांचे हे एकत्र रूप आहे आणि ते रोज, भरपूर वेळ होत असे.

त्याच्या जोडीला दोर चढणे होते, म्हणजे वरून खाली ओढण्याची हालचाल. जोडीदाराला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणे होते, म्हणजे भार घेऊन चालणे. करेला, म्हणजे जड मुद्गल, फिरवणे होते. शिवाय प्रत्यक्ष कुस्तीत समोरच्याला ओढणे, उचलणे, दाबून धरणे होतेच. म्हणजे पाचही हालचाली तालमीत पुऱ्या होत होत्या. फरक इतकाच की जोर-बैठका मोजल्या जात, हौदा खणणे हे काम समजले जाई. मोजलेली मेहनत लोकांच्या लक्षात राहिली, न मोजलेली विसरली गेली. आज घरच्या घरी ‘देशी व्यायाम’ करू पाहणारा तरुण शंभर जोर आणि दोनशे बैठका मारतो आणि तालमीची मेहनत केली असे समजतो. प्रत्यक्षात त्याने अर्धीच केलेली असते, आणि राहून गेलेला अर्धा भाग पाठीचा असतो.

हा राहून गेलेला भाग हुपरीसारख्या गावात जास्त बोचतो. हातकणंगले तालुक्यातली, कर्नाटकाच्या सीमेजवळची ही चांदीच्या कारागिरांची नगरी. पैंजण, वाळे, घुंगरू, करगोटे यांचे काम इथे कारखान्यांइतकेच घराघरांतून चालते. तार वळणे, कड्या जोडणे, घुंगरू बसवणे ही कामे कारागीर मांडी घालून, मान खाली आणि खांदे पुढे करून तासन्‌तास करतो. बोटे आणि डोळे यांना अफाट काम, बाकी शरीराला जवळजवळ काही नाही. दिवस भरेपर्यंत मान आखडते, दोन खांद्यांच्या मधली जागा दुखू लागते, कंबर धरते.

अशा बैठ्या कारागिराने संध्याकाळी जिममध्ये जाऊन सगळा जोर छातीवर काढला, आणि नवशिक्यांचा कल नेमका तिकडेच असतो, तर आधीच पुढे झुकलेल्या खांद्यांच्या पुढच्याच बाजूला आणखी काम मिळते. पाठ होती तिथेच राहते. त्याच्या यादीत ओढण्याचा व्यायाम ढकलण्याच्या व्यायामाइतका तरी हवा, सुरुवातीला थोडा जास्तच. पाठीमागच्या स्नायूंना ताकद आली की वाकून बसण्याचा तोच ताण ते जास्त वेळ सोसतात. बसण्याची ढब सुधारणे, मध्येमध्ये उठणे हे लागतेच. व्यायाम त्याची जागा घेत नाही.

आता एकेक हालचाल.

बसून उठण्याच्या हालचालीसाठी बैठक हा आपल्याकडचा जुना आणि उत्तम व्यायाम. तालमीतली बैठक मात्र जिममधल्या स्क्वॉटपेक्षा वेगळी असते. तिच्यात खाली जाताना टाचा उचलल्या जातात, भार चवड्यांवर येतो, गुडघे बरेच पुढे जातात आणि हात झोक्याने हलतात. लय सापडली की माणूस शेकड्यांनी बैठका काढू शकतो. स्क्वॉटमध्ये टाचा जमिनीला चिकटलेल्या राहतात, भार पावलाच्या मध्यावर असतो आणि कुल्ल्यांना जास्त काम पडते. वजन घेऊन करायचे तर दुसरी पद्धत सुरक्षित, कारण टाचा उचललेल्या अवस्थेत खांद्यावर जड भार घेऊन तोल सांभाळणे कठीण. सुरुवात एक डंबेल छातीशी दोन्ही हातांनी धरून करावी. पुढे धरलेल्या वजनामुळे मागे पडण्याची भीती जाते आणि धड आपोआप सरळ राहते. अशा दहा-बारा बैठका न डोलता येऊ लागल्या की मग रॉड खांद्यावर घ्यावा.

जमिनीवर बसण्याची सवय असलेल्या माणसाला खोल स्क्वॉट सहज येईल असे वाटते. ते अर्धेच खरे. मांडी घातल्याने खुबा बाहेरच्या दिशेने मोकळा राहतो, पण स्क्वॉटसाठी घोटा पुढे वाकावा लागतो आणि ती सवय उकिडवे बसण्याने होते. दिवसभर मांडी घालून बसणाऱ्या अनेकांच्या टाचा स्क्वॉटमध्ये उचलल्या जातात, त्या यामुळे. टाचेखाली बोटभर जाडीची फळी किंवा प्लेट ठेवून सुरुवात केली तर अडत नाही.

वाकून उचलण्याची हालचाल सर्वांत जास्त चुकते, आणि शिकवली सर्वांत कमी जाते. उसाच्या फडात मोळी उचलताना, कारखान्यात साखरेचे 50 किलोचे पोते हलवताना, घरात गॅसची टाकी सरकवताना हीच हालचाल लागते. तिचे मर्म एवढेच की वाक कमरेच्या मणक्यात न पडता खुब्यात पडावा. हे सांगून कळत नाही, काठीने कळते. एक सरळ काठी पाठीला उभी धरावी. डोक्याची मागची बाजू, खांद्यांमधली जागा आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी ती टेकलेली असावी. आता गुडघे किंचित सैल सोडून कुल्ले मागे न्यावेत, जणू हात गुंतलेले असताना मागचे दार कुल्ल्याने लोटायचे आहे. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली तर वाक बरोबर. एखाद्या ठिकाणी काठी सुटली तर पाठ गोल झाली किंवा मान वर आली. आठवडाभर हे करूनच रॉडला हात लावावा.

डेडलिफ्टमध्ये रॉड पावलाच्या मध्यावर, नडगीपासून इंचभर अंतरावर असतो. हात पायांच्या बाहेरून, खांद्याइतक्या रुंदीवर पकड घेतात. श्वास भरून पोट घट्ट करायचे, रॉडमधला ढिलेपणा आधी हळूच ओढून काढायचा आणि मग जमीन पायांनी खाली ढकलावी तसे उठायचे. रॉड अंगाला घासतच वर येतो. तो अंगापासून चार बोटे लांब गेला की कमरेवरचा ताण एकदम वाढतो. इथे छोट्या गावांतल्या जिमची एक खास अडचण असते. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास 45 सेंटिमीटर असतो, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. लोखंडी लहान प्लेटा लावल्या की रॉड खाली जातो, माणसाला जास्त वाकावे लागते आणि पाठ गोल होते. दोष मग व्यायामाला दिला जातो. दोन्ही बाजूंच्या प्लेटांखाली लाकडी ठोकळे किंवा सारख्या उंचीच्या विटा ठेवल्या की प्रश्न मिटतो.

रॉडच्या वजनाबद्दलही असाच घोटाळा असतो. स्पर्धेचा रॉड पुरुषांसाठी 20 किलोचा आणि महिलांसाठी 15 किलोचा. स्थानिक बनावटीचे रॉड कितीही वजनाचे असू शकतात. एकदा काट्यावर ठेवून ते पाहून घ्यावे. हुपरीत काट्यांना तोटा नाही, पण तिथले काटे ग्रॅमच्या बारीक हिशेबाचे. या कामाला भुसार दुकानातला बरा.

ढकलण्यासाठी जोर आहेच. साध्या जोरात सुरुवातीला कुल्ले वर असतात, मग छाती जमिनीलगत घासत पुढे जाते आणि शेवटी धड नागासारखे वर येते. छाती, खांदे, दंडाची मागची बाजू आणि कण्याची लवचिकता अशी सगळी कमाई त्यात होते. सरळ अंगाच्या पुश-अपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग येतो, म्हणजे 60 किलोच्या माणसाला साधारण 40 किलो. ज्याला हे जमत नाही त्याने हात कट्ट्यावर किंवा पलंगाच्या कडेवर ठेवून करावे. कट्टा जितका उंच तितका भार कमी. गुडघे टेकण्यापेक्षा हा मार्ग चांगला, कारण पूर्ण अंग ताठ ठेवण्याची सवय पहिल्यापासून लागते. पुढे बेंच प्रेस आणि उभे राहून डोक्यावर वजन नेणे यांतला एक किंवा दोन्ही आलटून पालटून घेता येतात. बेंच प्रेस एकट्याने, जवळ कोणी नसताना जड वजनाने करू नये.

ओढण्यासाठी दोर आता क्वचितच मिळतो. पुल-अप हा त्याचा सर्वांत जवळचा भाऊ, पण नवशिक्याला एकही जमत नाही आणि तो खट्टू होऊन व्यायामच सोडतो. त्याने कमरेच्या उंचीवर घट्ट बसवलेल्या आडव्या दांड्याखाली पाठीवर पडून छाती दांड्याकडे ओढावी. पाय जमिनीवर असल्याने भार कमी होतो. पाय पुढे सरकवत नेले की वाढतो. एका हाताने बाकाचा आधार घेऊन दुसऱ्या हाताने डंबेल कमरेकडे ओढणे हाही निर्धोक पर्याय. ओढताना हात ओढतो आहे असे न समजता कोपर मागे जाते आहे असे समजले की काम पाठीला मिळते. ओढण्याच्या व्यायामात चोरी सर्वांत सोपी असते. धडाला झटका दिला की वजन वर येते आणि पाठीला काही कळत नाही.

भार घेऊन चालण्यासाठी जिमचीही गरज नाही. दोन बादल्यांत प्रत्येकी 15 लिटर पाणी भरले की 30 किलो आणि वर बादल्यांचे वजन. खांदे मागे, मान सरळ, पावले छोटी, पाणी न सांडता तीस-चाळीस पावले. पाणी सांडू न देण्याची अट म्हणजे फुकटचा वस्ताद. धड डोलले की तो लगेच सांगतो.

हालचाली ठरल्यावर दुसरा भाग भार वाढवण्याचा, आणि इथे तालमीची मेहनत आणि ताकदीचा आधुनिक व्यायाम यांचे मार्ग वेगळे होतात. जोर-बैठकांत भार म्हणजे स्वतःचे वजन. ते फारसे बदलत नाही, म्हणून वाढवायची ती संख्या. पन्नासाच्या शंभर, शंभराच्या पाचशे. यातून दम वाढतो, सांध्यांना सवय होते, चिवटपणा येतो. लांबलेल्या कुस्तीत हेच हवे असते. पण निव्वळ ताकद, म्हणजे एकदाच जास्तीत जास्त भार हलवण्याची क्षमता, एका मर्यादेनंतर संख्येने वाढत नाही. तिला जड भार आणि कमी आवर्तने लागतात. स्नायूचा आकार हलक्या वजनाने, थकेपर्यंत केलेल्या जास्त आवर्तनांनीही वाढू शकतो. ताकदीला मात्र जड वजनच अधिक मानवते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डीलॉर्म या अमेरिकी सैन्यातल्या डॉक्टरने जखमी सैनिकांच्या दुबळ्या पायांवर जड, क्रमाने वाढत्या वजनाचे व्यायाम वापरले. त्या काळी रुग्णांना हलके आणि पुष्कळ वेळा करायचे व्यायाम देण्याची रीत होती. वाढत्या भाराची कल्पना मात्र फार जुनी. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातला ग्रीक मल्ल मायलो रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चालत असे आणि वासराचा बैल झाला तरी उचलत राहिला, अशी दंतकथा आहे. दंतकथेत एक खोट आहे. वासरू मल्लाच्या सोयीने वाढत नाही. प्लेटा वाढवणे हातात असते, हाच लोखंडाचा फायदा. सव्वा किलोच्या दोन प्लेटा, म्हणजे एका वेळी अडीच किलो, ही वाढ पुरेशी. आठवड्याला अडीच किलो या हिशेबाने वर्षाला 130 किलो होतात. तितके कोणाचेही वाढत नाही. सुरुवातीचे काही महिने वाढ भराभर होते, मग महिन्याला एकदा आणि पुढे त्याहूनही सावकाश. पहिल्या काही आठवड्यांत आरशात काही दिसत नाही तरी वजन वाढत जाते, कारण आधी मेंदू आणि मज्जातंतू आहेत त्याच स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात. स्नायू त्यानंतर भरतात. स्नायूबंध त्याहूनही हळू तयार होतात, आणि नेमक्या या काळात हुरूप आलेला माणूस वजनाची घाई करून कोपर किंवा खांदा दुखावून घेतो.

वेटलिफ्टिंग, ताकदीचा व्यायाम आणि शरीरसौष्ठव या तीन गोष्टी लोक एकाच पोत्यात भरतात. शरीरसौष्ठवात आकार आणि प्रमाण पाहिले जाते. वेटलिफ्टिंग हा खेळ आहे आणि त्यात स्नॅच आणि क्लीन अँड जर्क हे दोनच प्रकार असतात. कोल्हापूर जिल्ह्यात त्याचे गाव म्हणजे शिरोळ तालुक्यातले कुरुंदवाड. 2014 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या तिघांनी वेगवेगळ्या वजनगटांत कांस्यपदके मिळवली, तीही एकाच गावातून. शेजारच्या सांगलीचा संकेत सरगर 2022 मध्ये बर्मिंगहॅमला 55 किलो गटात 113 आणि 135 असे मिळून 248 किलो उचलून रौप्यपदक घेऊन आला. सुवर्णपदक एका किलोने हुकले. शेवटच्या प्रयत्नांत त्याचे कोपर दुखावले होते. स्नॅच आणि क्लीन अँड जर्क पाहून ते ताकदीचा पाया असावेत असे वाटते. ते कौशल्याचे कळस आहेत. त्यांच्या खाली स्क्वॉट आणि जमिनीवरून ओढणे हेच दोन व्यायाम असतात. प्रशिक्षक नसलेल्या जिममध्ये हौशी माणसाने स्नॅच शिकायला जाऊ नये.

सामान्य माणसाला आठवड्यात दोन किंवा तीन दिवस पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्यात किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सांगितला आहे. दर दिवशी संपूर्ण शरीर घ्यावे: एक बसून उठणे किंवा वाकून उचलणे, एक ढकलणे, एक ओढणे आणि शेवटी थोडे भार घेऊन चालणे. प्रत्येकी पाच ते आठ आवर्तनांचे तीन सेट. दोन सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटे थांबावे. ही विश्रांती आळसाची नाही. घाईने केलेला पुढचा सेट दमाचा व्यायाम होतो, ताकदीचा राहत नाही. व्यायामाच्या दोन दिवसांच्या मध्ये एक दिवस मोकळा असावा. सेट संपताना अजून एक-दोन आवर्तने जमली असती असे वाटले तर वजन बरोबर आहे.

आठवड्याचे सहा दिवस छाती, पाठ, खांदा, हात, पाय असे वाटून करण्याची जिममधली रीत मुरलेल्या शरीरसौष्ठवपटूंकडून आलेली आहे. नवशिक्याचा त्यात तोटा होतो. चांदीच्या हंगामात किंवा उसाच्या सुगीत त्याचे दोन दिवस बुडतात आणि बुडालेले दिवस हमखास पायांचे असतात.

खुराकाविषयी तालमींचा आग्रह दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण यांचा. दिवसभर मेहनत करणाऱ्या मल्लाला तो पचतो, बैठे काम करणाऱ्याला तितका नाही. सर्वसाधारण प्रौढाला रोज शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला त्याहून बरीच जास्त. एका अंड्यातून सुमारे 6 ग्रॅम, पेलाभर दुधातून 8 ग्रॅम मिळतात. कोल्हापुरात तांबडा-पांढरा रस्सा वाट्यांमागून वाट्या प्यायला जातो, पण प्रथिने मुख्यतः खालच्या फोडींत असतात, वरच्या कटात नव्हे.

बायकांसाठी वेगळी यादी नसते. हालचाली त्याच, सुरुवातीचे वजन कमी. दोन-चार महिने वजने उचलून बाईचे अंग पुरुषासारखे होते ही भीती निराधार आहे. तसे शरीर कमावायला पुरुषांनाही वर्षे लागतात. उलट पाळी थांबल्यानंतर हाडांची झीज वेगाने होते आणि हाडांवर भार देणारा व्यायाम ती मंदावायला मदत करतो. घरी बसून घुंगरू जोडणाऱ्या बायकांना ओढण्याच्या व्यायामाची गरज कारागिरांइतकीच असते; त्यांना त्यासाठी संध्याकाळचा अर्धा तास मोकळा मिळणे हीच खरी अडचण.

रक्तदाब जास्त असणाऱ्याने, हर्निया किंवा अलीकडे शस्त्रक्रिया झालेल्याने, छातीत दुखण्याचा त्रास असणाऱ्याने डॉक्टरांना विचारूनच वजन उचलावे. जड वजनाला श्वास रोखून धरला की रक्तदाब क्षणभर बराच वाढतो. अशांनी हलके वजन घेऊन, उठताना श्वास सोडत व्यायाम करावा. स्नायू भरून आल्यासारखे दुखणे आणि सांध्यात कळ येणे यांत फरक आहे. पहिले दोन-तीन दिवसांत जाते. दुसऱ्यासाठी थांबून हालचालीची पद्धत तपासावी. तरीही कळ येत असेल तर हालचाल तीच ठेवून व्यायाम बदलावा. रॉडच्या स्क्वॉटने गुडघा बोलत असेल तर पायरीवर चढउतार घ्यावी, बेंच प्रेसने खांदा दुखत असेल तर पुश-अप. कंटाळा आला म्हणून दर पंधरवड्याला व्यायाम बदलणे मात्र तोट्याचे, कारण मग वहीतल्या आकड्यांची तुलनाच करता येत नाही. निवडलेला व्यायाम दोन-तीन महिने तरी टिकवावा.

साठी ओलांडलेल्यांसाठी हीच यादी आणखी लहान होते आणि अधिक गरजेची ठरते. वय वाढते तसे पायांचे स्नायू झडतात. आधी जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, मग खुर्चीतून उठतानाही. त्यांच्यासाठी बसून उठण्याचा व्यायाम म्हणजे भिंतीला टेकवलेल्या, न हलणाऱ्या खुर्चीतून हात न टेकता उठणे आणि सावकाश बसणे. ओढण्यासाठी खिडकीच्या मजबूत गजाला बांधलेला रबरी पट्टा, ढकलण्यासाठी भिंत, चालण्यासाठी भाजीच्या दोन पिशव्या. खुर्चीतून उठणे सुरुवातीला जमत नसेल तर बैठकीवर दोन घट्ट उशा ठेवाव्यात. उंची वाढली की उठणे सोपे जाते. दहा वेळा सहज जमू लागल्यावर एक उशी काढली की भार वाढला.